बारीक अक्षरातली माणसं

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत मला माझ्या खऱ्या नावानं ओळखणारी माणसं कमीच. एस.टी. स्टँडवर मागून कुणी "ओ कोनबोल्ला मॅडम" अशी हाक मारली, की मी निमूट वळून बघते. हे नाव मला पोलादपूरकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यांनी दिलं. ते आपल्या घराण्याची हकिगत रंगवून सांगत होते आणि मी दर दोन वाक्यांनी "हे कोण बोललं?" म्हणून त्यांना अडवत होते. शेवटी त्यांनी वैतागून आत हाक दिली, "अगो, तांदूळ जास्तीचं घाल. ही कोनबोल्ला बाय काय आज उठत नाय." मी खरोखरच जेवून उठले. तेव्हापासून ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

माझं काम कुलवृत्तांत करून द्यायचं. म्हणजे एखाद्या घराण्याची माहिती गोळा करायची, वंशावळ मांडायची आणि त्याचं पुस्तक करून भावकीच्या हातात ठेवायचं. आता डोळे साथ देत नाहीत, दुकान भाचीनं सांभाळायला घेतलंय, आणि मी निवृत्त झाले असं घरातले धरून चालतात. म्हणून या अंकाच्या संपादकांनी "तुमच्या कामाचं काहीतरी लिहा" म्हटल्यावर मला सबब सांगायला जागा उरली नाही.

सुरुवात काही ठरवून केली नव्हती. महाडात माझं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, पूजेची निमंत्रणं, असलं सगळं. एकदा एक गृहस्थ वंशावळ टाईप करायला देऊन गेले. तिच्यात मुलगा बापाच्या आधी जन्मलेला होता. मी ते दाखवलं तर म्हणाले, "तुम्ही टाईप करा हो, आमच्यात चालतं." मला काही ते चालेना. मी त्यांच्या घरी गेले, आईशी बोलले, चुलत्यांशी बोलले, बापाला मुलाच्या आधी जन्माला घातलं, आणि मग मला त्या कामाची चटकच लागली.

हे काम बाहेरून दिसतं तेवढं सोपं नाही, आणि मी सांगते तेवढं अवघडही नाही. पुस्तकातल्या प्रत्येक माहितीच्या डोक्यावर एक बारीक आकडा असतो. पानाच्या तळाशी त्या आकड्यासमोर, आणखी बारीक अक्षरात, ती माहिती कुठून आली ते लिहायचं. शाळेच्या दाखल्यावरून आली असेल तर शाळा कुठली, दाखला मी स्वतः पाहिला की कुणी मला फोनवर वाचून दाखवला. माणसानं सांगितली असेल तर तो माणूस कोण, ज्याच्याबद्दल सांगतोय त्याचा हा कोण लागतो, यानं ते डोळ्यांनी पाहिलं की ऐकलं, आणि ऐकलं तर कुणाकडून. मी हे सगळं उरलेल्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर लिहायची. एका पत्रिकेवर एकच गोष्ट. त्यामुळे माझ्या दुकानात पुढून 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' आणि मागून कुणाचा तरी पणजोबा, अशी खोकीच्या खोकी होती.

लोकांना याचा राग यायचा. "म्हंजे आमचा बाप खोटा बोल्ला काय?" हे मी किती अंगणांत ऐकलं असेल! मी सांगायची, "नाही हो. तुमच्या वडलांनी सांगितलं म्हणून त्यांचं नाव खाली पुन्हा एकदा छापायचंय." हे ऐकलं की बहुतेकांचा राग उतरायचा. आपल्या बापाचं नाव पुस्तकात दोनदा यावं याला कुणाची ना असते? पण 'सगळेच बोलतात' या उत्तराशी मात्र माझं कायमचं वैर. सगळे म्हणजे कोण, हे विचारलं की समोरचा माणूस आधी हसतो, मग डोकं खाजवतो, आणि मग बहुतेक वेळा उठून पाणी प्यायला जातो.

गडाच्या बाजूच्या एका गावातलं घराणं होतं. आता सगळे मुंबईत, बांधकामाच्या धंद्यात. त्यातल्या एका शेठना पुस्तकात मूळपुरुष गडाच्या दरवाज्यावर पहाऱ्याला हवा होता. आमच्या भागात असा पूर्वज नसलेलं घर सापडणं कठीण. सगळ्यांचे पूर्वज एकदम पहाऱ्याला उभे राहिले असते तर दरवाज्यातून मुंगीला शिरायला जागा उरली नसती. मी आधार मागितला. शेठ म्हणाले, "हिरकणीवाडीचा गाईड रोज पब्लिकला सांगतो. जाऊन विचारा." मी गेले. गाईड रोपवेच्या रांगेशी कोकम सरबत पीत उभा होता.

"ही हकिगत तुला कोण बोललं?"

"त्यांच्याच घरातले बोल्ले, मॅडम. गाडी घेऊन आलेले. तवापासून मी मधे टाकतो. पब्लिकला आवडतं."

म्हणजे घर गाईडकडे बोट दाखवत होतं आणि गाईड घराकडे. असे दोन साक्षीदार मिळून अर्धाही होत नाही. मी तळाशी लिहिलं, 'ही हकिगत घरात सांगतात. गडावरही सांगतात. गडावर ती घरातूनच गेली.' शेठचा फोन आला, "मॅडम, ती बारीक अक्षरं काढता येतील का?" म्हटलं, येतील की, पण मग वरची मोठीही काढावी लागतील. त्यांनी दोन्ही ठेवली. परवा कुणीतरी सांगत होतं, तो गाईड आता पब्लिकला म्हणतो, "आनि हे पुस्तकात पन आलंय."

याच्या अगदी उलट अनुभव महाडातल्या बौद्धवाडीतल्या एका निवृत्त गुरुजींनी दिला. ते आपल्या कुटुंबाची माहिती स्वतःच नीट मांडून घेऊन आले होते. त्यांचे पणजोबा चवदार तळ्यावर गेले होते. मी नेहमीचा प्रश्न विचारायच्या आतच ते म्हणाले, "बाई, हे मला आजीनं सांगितलं. पण आजी तेव्हा लहान होती, घरी होती. तिनं पाहिलेलं नाही. तिला तिच्या वडलांनी सांगितलं. तसंच लिहा." मी म्हटलं, गुरुजी, इतका मोठा मान, आणि तुम्ही स्वतःच त्याला 'ऐकीव' म्हणून खूण लावताय? ते म्हणाले, "आमच्याबद्दल आजवर दुसऱ्यांनीच लिहिलं, आणि कुठून आणलं ते कधी सांगितलं नाही. आपण लिहिताना तरी सांगू." त्या दिवशी मला माझं काम नव्यानं कळलं. गुरुजी आज नाहीत. त्यांचे उपकार मी मानते, ते इथे लिहून ठेवते.

मधे पूर आला. महाडकराला पुराचं वर्णन सांगायला जाऊ नये, प्रत्येकाच्या भिंतीवर त्याची खूण आहे. माझी खोकी गेली. सगळ्या पत्रिकांचा लगदा झाला. चिखल उपसून झाल्यावर मी नुसती ओट्यावर बसून होते. तर एकेक माणूस यायला लागला. कुणी भाकऱ्या घेऊन, कुणी झाडू घेऊन. आणि जाता जाता म्हणायचे, "मॅडम, मी तुमाला माज्या आजाचं सांगितलेलं ना, ते परत लिवून घ्या." कुणी काय सांगितलं होतं ते माझ्या लक्षात नव्हतं, पण ज्यानं त्यानं आपापलं सांगितलेलं जपून ठेवलं होतं. खाली नाव छापून येणार ना त्याचं! मी रडत रडत लिहून घेतलं. मला त्याची लाज वाटत नाही.

आता ज्या एका कामासाठी मी या धंद्याची जन्मभर ऋणी राहीन, त्याबद्दल.

पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला एक गाव आहे. घराण्याचं आडनाव मुद्दाम लिहीत नाही. गावच्या दोन वाड्या. वरच्या वाडीत मोठी भावकी, आणि ओढ्याकडेला खालच्या वाडीत चार घरं. आडनाव एकच, देवक एकच. पण वरची म्हणायची, खालची आमची नव्हेत, ती बाहेरून आलेली. वरच्या वाडीत कुणी गेलं तर खालच्यांना सुतक नाही. आणि शिमग्यात ग्रामदेवीची पालखी निघाली की वरच्या प्रत्येक अंगणात ती टेकायची, ओटी भरली जायची, गुरव घराच्या पूर्वजांची नावं घेऊन गाऱ्हाणं घालायचा. खालच्या वाडीत ती यायची, पण टेकायची नाही. भोयांच्या खांद्यावरच उभ्या उभ्या ओटी घेऊन पुढे जायची.

कुलवृत्तांताचं काम मला अण्णांनी दिलं होतं. अण्णा म्हणजे वरच्या वाडीतले निवृत्त मुख्याध्यापक, भावकीत सगळ्यांत वडीलधारे. माणूस सज्जन, पण घाईचा. शिमग्याला सगळे चाकरमानी गावात असतात, तेव्हाच पुस्तक निघायला हवं होतं. त्यांनी शेवटचं पान मला लिहूनच दिलं. वर मथळा 'इतर घरे', आणि खाली एक ओळ, 'ही घरे बाहेरून येऊन स्थायिक झाली.'

"अण्णा, हे बाहेरून आले असं कोण बोललं?"

"सगळा गाव बोलतो."

"अख्ख्या गावाला तळटिपेत कसं घालू?"

"बाई, खालची बारीक अक्षरं वाचतो कोण?"

"खालच्या वाडीतली वाचतील."

अण्णा हसले, पण थोडे रागावलेही. मी म्हटलं, मला एकदा खाली जाऊन येऊ दे. सांगणारं कुणीच मिळालं नाही तर तुमची ओळ राहील, पण पुस्तकावर संपादक म्हणून माझं नाव नको. मला हट्टी म्हणतात ते काही उगाच नाही.

खालच्या वाडीत सगळ्यांत म्हातारी चंद्राआजी. नव्वदीला टेकलेली, पण ताठ. ती पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसली होती. शिमगा जवळ आल्यामुळे अंगण नुकतंच सारवलेलं होतं. मी पुस्तकासाठी आल्याचं सांगितलं. शेंगांवरची नजर न काढता ती म्हणाली, "मला पुस्तकात घालू नको गो बाय. पालखी तेवढी एक डाव या अंगनात टेकली पायजे. लगीन होऊन आल्यापासनं दर शिमग्याला सारवते मी. ती काय टेकत नाय, पन म्या सारवायचं सोडीत नाय."

तिचा आवाज रडवेला नव्हता. पण त्यानंतर माझं पुस्तकात लक्ष राहिलं नाही, त्या अंगणातच राहिलं.

तिची नात सुवर्णा पोलादपूरच्या दवाखान्यात नर्स. त्या दिवशी तिला सुट्टी होती. तिनं सांगितलं, "आमचा मूळपुरुष भिकू. आजीच्या नवऱ्याचा आजोबा. तो आईबरोबर बाहेरगावावरून आला. आम्हाला सगळे भिकूची लोकंच म्हणतात." वरच्या वाडीच्या वंशावळीत भिकू नावाचा एकही माणूस नव्हता. अण्णांचं म्हणणं तिथपर्यंत बरोबरच ठरत होतं.

मी नेहमीप्रमाणे आजच्या माणसांपासून सुरुवात केली. सुवर्णाच्या वडलांचं नाव गोपाळ, ते मी आधीच टिपलं होतं. मग आजीला विचारलं, तुम्हाला मुलं किती?

"दोन लेकी आनि बाबू."

मी गोपाळच्या शेजारी बाबूची जागा केली. सुवर्णा माझ्या खांद्यावरून बघत होती. ती खुदकन हसली.

"मॅडम, दोन नाय, एकच हाय. बाबू म्हंजे माझे बाबाच. गोपाळ हे आजीच्या सासऱ्यांचं नाव ना, ती कशी घेणार?"

"मंग?" आजी म्हणाली. "लेकराला हाक तर मारली पायजे! म्हनून बाबू. आता समदे बाबूच बोलतात. गोपाळ फकस्त कंपनीत."

आमच्याकडची ही जुनी रीत सगळ्यांना माहीत आहे. थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवायचं. आणि सुनेनं सासऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही. या दोन्ही रीती एकाच घरात आल्या की आई आपल्या पोटच्या पोराला त्याच्या नावानं हाक मारू शकत नाही. ती दुसरं नाव शोधते, आणि पोर मोठं होतं ते आईच्या हाकेच्या नावानं. हे मलाही माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि ऐन वेळी सुचणं वेगळं.

वरच्या वाडीच्या वंशावळीत एक फांदी अर्धवट राहिली होती. अण्णांनी ती आपल्या वडलांकडून ऐकलेली. धोंडू, त्याचा मुलगा राघू. राघू तरणाताठा वारला आणि त्याची बायको लहान मुलाला घेऊन माहेरी गेली. मुलाचं नाव आजोबांवरून धोंडूच. पुढे 'माहिती नाही'. राघूच्या बायकोचं नावही नव्हतं. हे सगळं पुरुषांनी पुरुषांना सांगितलेलं. पण राघूच्या बायकोला सासऱ्याचं, म्हणजे धोंडूचं नाव घेता येणार नव्हतं. मग तिनं त्या पोराला काय म्हणून हाक मारली असेल?

माझ्या हातातलं पेन थांबलं. म्हटलं, घाई करायची नाही.

"आजी, तुमच्या यजमानांना थोरले भाऊ होते?"

"व्हते. माज्या लग्नाआधीच गेले. मी बघितलं पन नाय."

थोरला म्हणजे भिकूचा पहिला नातू. रीतीप्रमाणे आजोबांचं नाव त्याला मिळालेलं असणार. मी नाव विचारलं. आजीनं पदर तोंडाला लावला. थोरल्या दिराचं नावही घ्यायचं नसतं. सुवर्णाला ते नाव ठाऊक नव्हतं. जन्मल्यापासून कुणी तिच्यासमोर घेतलंच नव्हतं.

"मी घेते नाव," मी म्हटलं, "तुम्ही नुसती मान हलवा. धोंडू?"

आजीच्या हातातली शेंग खाली पडली. तिनं माझ्याकडे बघत मान हलवली, आणि मग विचारलं, "तुला कोन बोल्ला?"

इतकी वर्षं मी सगळ्यांना हा प्रश्न विचारत आले. मला तो कुणी विचारण्याची ती पहिलीच वेळ. भिकूच्या घरात पहिल्या नातवाचं नाव भिकू नव्हतं, धोंडू होतं. म्हणजे भिकूचं ठेवलेलं नाव धोंडूच असणार.

असणार, पण हा माझा अंदाज. मान हलवणं आधारात धरता येतं, तर्क धरता येत नाही. मला हे नाव मोकळ्या तोंडानं घेणारं कुणीतरी हवं होतं. सुनेच्या तोंडाला कुलूप असतं, पण माहेरच्या माणसांना आपल्या लेकीच्या सासऱ्याचं नाव घ्यायला कसलीच आडकाठी नसते. मी भिकूच्या आईचं माहेर विचारलं. आजी लगेच म्हणाली, "नाते गाव. आमची लग्नाची पयली अक्षत देवाला, दुसरी नाते गावाला जाते. अजून जाते. म्हातारीचं म्हायेर ते."

"तिचं नाव?"

"ते नाय म्हाईत. तिचं नाव कोन घेनार?"

दुसऱ्या दिवशी मी अण्णांना म्हटलं, माझ्याबरोबर नाते गावाला चला. का, ते सांगितलं नाही. उद्या ते कुणाला सांगणार असतील तर त्यांनी ते स्वतःच्या कानांनी ऐकलेलं असावं, माझ्याकडून नव्हे. अण्णा कुरकुरत आले. दुसरी अक्षत ज्या घरात जाते त्या घरी गोदाआत्या भेटल्या. त्याच घरातली लेक, नवरा गेल्यावर भावाकडे येऊन राहिलेल्या. मी धोंडूचं नाव काढलं नाही, भिकूचंही काढलं नाही. एवढंच विचारलं, की या घरातली एखादी लेक पोलादपूरच्या वर दिली होती का?

"दिलेली ना. पार्वती." गोदाआत्यांनी पापणीही न लववता सांगितलं. "माज्या आजीची नणंद. आजी सांगायची मला. नवरा गेला तिचा, राघू त्याचं नाव. लेकराला घेऊन हितं आली, लय वर्सं राहिली."

"लेकराचं नाव काय होतं?"

"नाव धोंडू. पन तिचा सासरा पन धोंडूच. तिला कुठं घेता येतंय? ती आपली भिकू बोलायची. मंग आमचं अख्खं घर भिकू बोलायला लागलं. माजी आजी बोलायची, पोराचं खरं नाव आमी पन इसरून गेलो. मोठा झाल्यावर म्हनाला, मी आता माज्या बापाच्या गावाला जातो. तशी पार्वती पन गेली त्याच्यासंगट."

मी अण्णांकडे बघितलं नाही. बघवलं नाही. येताना रिक्षात अण्णा पोलादपूर दिसायला लागल्यावर म्हणाले, "बाई, माझे वडील हळहळायचे. म्हणायचे, राघूच्या पोराचं काय झालं कुणास ठाऊक. आणि तो खाली ओढ्याकाठी होता. आमच्या विहिरीचं पाणी पीत होता." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

त्या काळी वरच्या वाडीत कुणालाच हे कळलं नसेल का? राघूची जमीन तोवर दुसरं कुणीतरी कसत असेल, आणि कसणाऱ्याला ओळख पटायला वेळ लागतो. पण हे मला कुणी सांगितलेलं नाही. म्हणून ते पुस्तकात नाही.

'इतर घरे' हे पान अण्णांनी आपल्या हातानं फाडलं. वंशावळीतल्या अर्धवट फांदीला चार घरं लागली. राघूच्या शेजारी पार्वती आली. आणि तळाशी आकड्यासमोर मी लिहिलं, 'धोंडू आणि भिकू ही एकाच व्यक्तीची नावे. सांगणार गोदाबाई, पार्वतीच्या भावाची नात, नाते; आपल्या आजीकडून ऐकले. दुजोरा चंद्राबाई, भिकूच्या नातसून. थोरल्या दिराचे नाव उच्चारत नाहीत, विचारल्यावर मान हलवली.' सुवर्णानं ते आजीला वाचून दाखवलं. आजी म्हणाली, "मान हलवली ती पन छापली?" आणि तोंडाला पदर लावून कितीतरी वेळ हसत राहिली.

मला या कामानं काय दिलं, असं लोक विचारतात. मला या बारीक अक्षरातली माणसं मिळाली. त्यांना कुणाच्या वंशावळीत जागा नसते. आत्या, मावशी, शेजारी, माहेरचं कुणीतरी. पण वरची मोठी अक्षरं त्यांच्याच जिवावर उभी असतात. त्या सगळ्यांनी मला पाटावर बसवलं, जेवू घातलं, आणि आपल्याजवळ होतं ते काही न मागता सांगितलं. त्यांचे आभार मानायला कुठलाही अंक पुरणार नाही.

त्या शिमग्याला मी गावात होते, म्हणून पुढचं माझं स्वतःचं पाहिलेलं आहे. वरच्या वाडीत पुस्तक वाटून झालं. पालखी एकेक अंगण घेत खाली उतरली. ढोल वाजत होते, गुलाल उडत होता. पालखी चंद्राआजीच्या अंगणात आली आणि सवयीनं थांबली, खांद्यावरच. आजी ओटीचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी होती. अण्णा मागे राहिले होते, गर्दीतून वाट काढत होते. पुढचा भोई, मुंबईहून आलेला एक तरुण, ओरडला, "चला, ओटी घ्या पटकन! हितं पालखी बसत नाय!"

गर्दीतून अण्णांचा आवाज आला. जन्मभर शाळेत शुद्ध बोललेला माणूस, पण त्या दिवशी वाडीच्या बोलीतच गरजला.

"कोन बोल्ला?"

ढोल थांबले. भोयानं मागे बघितलं, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. कुणीच काही बोलेना. मग त्यानं खांदा वाकवला, आणि पालखी सारवलेल्या अंगणात टेकली. गुरवानं गाऱ्हाण्यासाठी नावं विचारली. ती अण्णांनी सांगितली, धोंडू, राघू, पार्वती, पुन्हा धोंडू. चंद्राआजी पुढे आली. तिनं भोयांच्या पायांवर पाणी घातलं, ओटी भरली, आणि पालखीच्या दांड्यावर हात ठेवून देवीला म्हणाली, "बस गो माये, बस जरा. दमली असशील."